दोनदा पहिल्यांदा

दुबईत मी पहिल्यांदा आलो तो गळ्याइतक्या पाण्यातून. साठच्या दशकाची सुरुवात होती. संयुक्त अरब अमिरात हे नावही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. रत्नागिरीकडून आम्हा काहीजणांना लपवून आणणाऱ्या लाँचच्या नाखव्याने खोरफक्कानचा किनारा दिसताच समुद्रातच उतरायला लावलं. "तो डोंगर दिसतो ना, त्याच्या मागे दुबई." तो खोटं बोलला नव्हता. मध्ये आणखी डोंगर आणि एक अख्खं वाळवंट होतं, एवढंच. इतक्या बारीकसारीक गोष्टी सांगायला त्या बिचाऱ्याला वेळ कुठला!

पासपोर्ट वगैरे ओझं जवळ नव्हतंच. तरी वाळवंट तुडवून दुबईच्या देरा भागात पोचल्यावर, दोर आणि शिडाचं कापड विकणाऱ्या एका दुकानात काम मिळालं. शेठ आमच्याच बाजूचे. तेही असेच लाँचमधून उतरलेले, पण महायुद्धाच्या आधी. त्यामुळे ते 'जुने व्यापारी' आणि आम्ही 'चोरून आलेले'. त्यांच्याकडे इथला पासपोर्ट होता आणि लग्नाची मुलगी होती. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. एके दिवशी ते म्हणाले, "जावई झालास तर मी तुझ्यासाठी व्हिसाच्या साहेबाकडे शब्द टाकेन." इतकं रोमँटिक स्थळ कुणाला सांगून आलं असेल?

मुलीने मात्र निकाहाआधी बोलायचा हट्ट धरला. मावशीला मध्ये बसवून, पडद्याआडून तिने सरळ विचारलं, "तुम्हाला बायको पाहिजे की कागद?"

मी घाबरून खरं बोललो. "कागद तर पाहिजेच. पण कागदाला कालवण करता येत नाही."

"मलाही येत नाही," ती म्हणाली. मावशी खोकली. मला हसू आवरेना. पडद्यामागूनही हसण्याचा आवाज आला. त्या क्षणी कागदाचा विसर पडला, हे मी सासऱ्यांना कधी कळू दिलं नाही. त्यांना उगाच काळजी वाटली असती.

निकाह झाला. सासरे मला व्हिसाच्या ऑफिसात घेऊन गेले. तेव्हा इथले व्हिसे इंग्रजांच्या हातात होते; तिथे इंग्रज साहेब आणि त्याचं बोलणं हिंदीत सांगणारा एक कारकून होता. साहेबाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला. कारकून म्हणाला, "साहेब बोलते हैं, ये आदमी यहाँ आया ही नहीं।"

"समोर उभा आहे की!" सासरे ओरडले.

कारकुनाने साहेबाचं उत्तर सांगितलं, "उभा असेल. आलेला नाही. जो आलाच नाही त्याला राहायची परवानगी कशी द्यायची? आधी परत जा, पासपोर्ट काढ, रीतसर ये. बायको इथे आहे, तेव्हा व्हिसा मिळेल."

म्हणजे बायकोजवळ राहता यावं म्हणून बायकोला सोडून जायचं. कायदा हा किती विचार करून केलेला असतो ते तेव्हा समजलं. निघताना ती म्हणाली, "डोंगर दाखवणाऱ्यांचं ऐकू नका." एवढंच बोलली आणि आत गेली. तिला दिवस गेले होते.

मुंबईच्या पासपोर्ट ऑफिसातल्या बाबूने विचारलं, "पासपोर्ट नव्हता, तर बाहेर गेलात कसे?"

"शेवटचा तुकडा चालत, पाण्यातून."

त्याला मी उद्धट वाटलो. पुढचे कित्येक महिने त्याने मला एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे पाठवून नम्र केलं.

अखेर आगबोटीने, कोरड्या पायांनी, मी दुबईच्या धक्क्यावर उतरलो. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडून विचारलं, "पहिल्यांदाच येतोस?"

"होय, पहिल्यांदाच," मी अस्खलित अरबीत उत्तरलो.

त्याने मान वर केली. फाटकाबाहेर बोट दाखवलं. सासऱ्यांशेजारी बायको माझ्याकडे हात हलवत उभी होती, कडेवर मुलगी. "आणि ती कोण?"

"बायको. मुलगीही माझीच."

तो नव्याकोऱ्या पासपोर्टकडे, मग माझ्या नाकाकडे, मग मुलीच्या नाकाकडे बघत राहिला. शेवटी त्याने शिक्का मारला. "खलास, झालं काम. यल्ला, हबीबी, जा तिच्याकडे."

मी मुलीला घ्यायला हात पुढे केले. ती भेदरून आईला बिलगली आणि सगळा धक्का गोळा होईल असं रडली. बायको माझ्याकडे बघत होती. तिचेही डोळे भरले होते, पण ते लपवायला ती मुलीवरच खेकसली. मग आम्ही घरी गेलो. जेवणात कालवण होतं. खारट झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.