बाजारातली रिंग

मालेगावच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नाव मी कधी विचारलं नाही. मागच्या खोलीत गावातल्या संस्थेच्या कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या असत. लागेल त्याला फुकट. "विकून खातेत लेकाचे," असं लोक खुशाल बोलत. म्हणून त्यानं एक रीत पाडली होती. बरा झालेल्या माणसानं वस्तू बाजाराच्या दिवशीच परत आणायची, तीही स्वतःच्या पायानं.

माणूस येताना दिसला की हा पान्यानं सायकलची जुनी रिंग बडवायचा. "पाहा हो, मावशी चालून राह्यली! खाटेवरून उठत नव्हती!" मावशी वॉकर काखेत मारून लाजायची, "पुरे ना भाऊ, मले भाजी घ्याची हाय."

मला हा तमाशा वाटे. "असं काम गुपचूप करावं," मी एकदा म्हणालो. पाना थांबवून तो हसला. "गुपचूप त चोरी करतेत, भाऊ. हे कायले लपवू?"

पुढे माझाच पाय मोडला. बरा झाल्यावर मी मुद्दाम आडदिवशी कुबड्या परत द्यायला गेलो. त्यानं घेतल्याच नाहीत. "बाजारच्या दिवशी या."

गेलो. रिंग वाजली. मी मान खाली घालून चालत होतो, तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. "ह्या कुबड्या रिकाम्या झाल्या काय, भाऊ? माह्या सासऱ्याले पायजेत. फुकट देतेत हे इतके दिवस मले खोटंच वाटे."

कुबड्या तिच्या हाती दिल्या आणि कोणी न सांगता मी मान वर करून बाजारात एक फेरी मारली.