नारायणचे खण

खंडेनवमीची सकाळ. रत्नागिरीतला आमचा छापखाना धुऊनपुसून लख्ख, मशीनला झेंडूची माळ, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, लाकडी केसेसना हळदकुंकू... ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. पण हे लिहिताना आजही संताप होतोय.

मी तिथे प्रूफं तपासायचो. शाळेतल्या कविता गुणगुणत तपासायचो, ही माझी जुनी खोड. खिळे जुळवायला होता नारायण. तिशीचा, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं.

तो कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. "काय, बरंय ना?" म्हटलं तर पुढचा खिळा उचलायचा. पण केसच्या शेकडो खणांतून न बघता अचूक अक्षर उचलायचा. ती टकटक मला भुजंगप्रयात वृत्तासारखी वाटायची... अजून कानात आहे.

छपाई झाली की खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे, हे काम सगळ्यांना नकोसं. त्याला तेच सगळ्यात आवडायचं. मी गुणगुणताना एखादी ओळ गाळली की मान वर न करता तो ती म्हणायचा. तेवढीच आमची दोस्ती.

आज त्याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा आमच्याकडे एकच शब्द होता... येडा. मशीनवरचा सुर्वे रोज त्याचा डबा लपवायचा, स्टूल हलवायचा. "काय नारूशेट, यंदा केसशीच लगीन लावूया काय तुझं?" तो रोज डबा शोधायचा, आणि सगळे रोज हसायचे. कंटाळायचे कसे नाहीत, देव जाणे.

पूजा झाल्यावर हत्याराला हात लावायचा नाही, थेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. नारायण प्रसाद घेऊन तडक घरी गेला. त्याच्या लेखी नियम म्हणजे नियम.

सुर्वे मात्र मागे राहिला. नुकतंच कुंकू लावलेल्या केसमधले दहा-बारा खण त्याने उपसले आणि खिळ्यांची अदलाबदल केली. "बघूया मेल्याची हुशारी!" मी पूजेपासूनच खिडकीपाशी खोबरं चघळत उभा होतो. मी सगळं बघितलं. आणि... हसलोसुद्धा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका शेठच्या नव्या दुकानाची निमंत्रणपत्रिका घाईने हवी होती. शेठ समोरच बसलेले. एरवी प्रूफ आधी माझ्याकडे यायचं. त्या दिवशी आमचे मालक तात्या यांनी ते परस्पर शेठच्या हातात ठेवलं... नारायणने जुळवलंय, चुकायचं नाही, या भरवशावर.

शेठच्या वडिलांच्या नावाचा पार चिवडा झाला होता. त्यांनी कागद फेकला. तात्या ओरडले, "नारायण! डोळे फुटले काय रे तुझे?"

"मी बरोबर खणातनंच घेतलं."

"मग खण काय पाय फुटून चालत गेले?"

सगळे खो खो हसले. नारायणने एक खण ओढला, खिळा डोळ्यांजवळ नेला. "हा इथला नाही." दुसरा. "हा पण इथला नाही..." मग कानांवर हात घट्ट दाबून तो केसच्या लाकडी कडेवर कपाळ आपटायला लागला. शेठ घाबरून उठलेच. तात्या म्हणाले, "येड लागलंय ह्याला. उद्यापासून नको."

माझ्या जिभेवर होतं. सुर्वेचं नाव, नुसती दोन अक्षरं. पण मी टेंपररी होतो, आणि तात्यांची बायको सुर्वेची चुलतबहीण. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

थांबा, खरी चीड येते ती पुढेच आहे. "उद्यापासून नको" म्हणणाऱ्या तात्यांनीच संध्याकाळी त्याच्या घरी निरोप धाडला... तेवढे खण लावून जा. कारण दुसऱ्या कुणाला ते जमणारं नव्हतं! आणि तो आला. कपाळाला पट्टी बांधून दोन दिवस खाली मान घालून एकेक खिळा जागेवर ठेवत बसला. येडा होता ना... मग त्याच्याशिवाय अडलं कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने शेवटचा खण सरकवला, हात धुतले, आणि माझ्या खिडकीलगतच्या टेबलापाशी आला. स्वतःहून पहिल्यांदाच. माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत म्हणाला, "पूजेच्या दिवशी तुम्ही इथे उभे होतात. इथून केस दिसते."

बस्स. आवाजात राग नाही, रड नाही. प्रूफातली चूक दाखवावी तसं दाखवलंन आणि गेला.

पुढे कळलं, पालीला बहिणीकडे राहतो, कुठे काम मिळत नाही. पाली किती लांब? एसटीने तासभरसुद्धा नाही. मी कधी गेलो नाही. अख्ख्या कविता पाठ असलेल्या माणसाला एक वाक्य बोलता आलं नाही... सुर्वे निदान उघड दुष्ट होता. मी कोण होतो?

आता हे आजच का लिहितोय? माझा नातू सोमवारी पहिल्या नोकरीवर रुजू होतोय. तोही डोळ्यांत बघत नाही. त्यालाही त्याच्या टेबलावरची वस्तू जागची हललेली चालत नाही. काल शर्टाला इस्त्री करता करता त्याने मला विचारलं, "आजोबा, तिथली माणसं चांगली असतील ना?"

सुर्वे तर तिथे असेलच. प्रत्येक ऑफिसात असतो. माझा जीव टांगणीला लागलाय तो खिडकीपाशी उभ्या असणाऱ्या माणसासाठी... बाबा रे, तू जो कुणी असशील, बोल. मी बोललो नाही.