कादंबरीतल्या शेळीचं काय झालं?

मावशीनं मला फसवलं. मला आणि आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या सगळ्या बायकांना. मावशी सख्खी नव्हे, शेजारची, पण हाक तीच. ही फसवणूक चादरीच्या वजनात नव्हती, टॉवेलच्या रंगातही नव्हती. तशी असती तर मी दुकानाच्या पायरीवरच पकडली असती. ती झाली एका कादंबरीच्या शेवटात, आणि कळेपर्यंत माझे केस पांढरे झाले.

शुक्रवार पेठेत आमच्या ओट्यावर दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात गुंतलेले, कान मोकळे. मावशी सांगोल्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली, आवाज खणखणीत. ती वाचनालयातून पुस्तक आणून मोठ्यानं वाचायची आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. चोख व्यवहार. पुस्तक बेचव निघालं की तिच्या सुपात विड्या टाकताना बायकांचे हात आखडायचे. साहित्याची इतकी कडक समीक्षा मी पुढे कुठे पाहिली नाही.

रहस्यकथा सगळ्यांना चालायची, पण खून लवकर व्हायला हवा. "अगं, अजून कुनीच मेलं न्हाय व्हय? माजा इड्यांचा कट्टा भरत आला की!" असा ओरडा व्हायचा. राजेरजवाड्यांच्या कादंबरीत लढाई थोडक्यात आटपायची, दागिन्यांचं वर्णन मात्र दोनदा वाचायचं. चांदण्याचं वर्णन लांबलं की माझी आई म्हणायची, "चांदनं ऱ्हाऊ दे, ते आमाला फुकट दिसतंय. मानसं काय करत्यात ते सांग." प्रेमकथेतला नायक पानोपानी उसासे टाकू लागला तेव्हा समोरची तेलुगू अक्का विडी तोडून म्हणाली होती, "हा कामाला कवा जातो?" पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत गेलं.

मग मावशीनं ती जाडजूड कादंबरी आणली. थोर म्हणून नावाजलेली. त्यात नवऱ्यानं टाकलेली एक बाई होती, पदरी एक शेळी. दीर तिचं घर बळकावतो आणि तिला बाहेर काढतो. तिथवर ऐकून बायकांनी त्या दिराला अशा शिव्या घातल्या की तो पुस्तकातून उठून पळाला असता. शेवटच्या दुपारी ओटा गच्च भरला. मावशीनं वाचलं ते असं : बाई शेळी घेऊन एसटी स्टँडवर जाते आणि चहाचं दुकान टाकते. एके दिवशी तोच दीर येऊन बाकावर बसतो. "वहिनी, एक चहा." बाई पातेलं उतरवते आणि म्हणते, "आधी पैसे."

बायकांनी सुपं बडवली. तंबाखू उडून सगळ्यांना शिंका आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत आईनं विड्या सोडल्या आणि टॉवेलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन दारोदार विकायला लागली.

मी 'आधी पैसे' या दोन शब्दांवर चादरी-टॉवेलांचा धंदा उभा केला. ते माझ्या गल्ल्यामागे पाटीवर लिहिलेले आहेत. भाव करायला मी बसतो, घाम काढतो, स्वतःचा आणि गिऱ्हाइकाचाही, पण उधारी नाही. सख्खा काका लग्नाच्या आहेराच्या चादरी उधार मागायला आला तेव्हा मी पाटी दाखवली. "मी हे मनाचं सांगत नाही काका, थोर कादंबरीत लिहिलंय." काका जन्मभर बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या बाजूनं साहित्य होतं.

गेल्या महिन्यात आमच्या वाचक मंडळानं नेमकं तेच पुस्तक चर्चेला घेतलं. मी मंडळाला खुर्च्या दिल्यात, म्हणून मला पहिल्या रांगेत जागा असते. मी उभा राहिलो आणि शेवटाबद्दल बोललो. एसटी स्टँड, चहा, दीर, सगळं. मला वाटलं लोक भारावून गप्प झालेत. मग कुणीतरी खुदकन हसलं.

अध्यक्षबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, हळूच म्हणाल्या, "अहो, ती विहिरीत उडी घेते. शेवटच्या पानावर."

"पैज लावा!" मी ओरडलो.

त्यांनी पुस्तक पुढे केलं. मी उभ्या उभ्या वाचलं. विहीर होती, उडी होती. चहा नव्हता. मागून आवाज आला, "शेठ, तुमचं पुस्तक कुठल्या गिरणीचा माल म्हणायचं?" हॉल हसला. मी तिथून जो निघालो तो थेट मावशीच्या दारात.

"मावशे! बाई मेली ती!"

"कोन मेली? आत तर ये."

"कादंबरीतली!"

"ती व्हय?" मावशीनं चष्मा पुसला. "ती लई वर्सामागं मेली की. तुला आत्ता कळलं?"

"तू खोटं वाचलंस. सगळ्यांना फसवलंस."

"सगळ्यांना न्हाय. तुज्या आईला ठावं हुतं." मग तिनं सांगितलं. मावशी पुस्तक आदल्या दिवशी पुढं वाचून ठेवायची. विहीर आली तेव्हा तिचा जीव गलबलला आणि नळावर तिनं आईला सांगून टाकलं. "तर तुजी आई घागर ठिवून म्हनली, ती मेली तर उद्या समद्या रडत्याल. रडत्याल तर इड्या सैल व्हत्याल, अन् कारखान्यात बाजूला फेकून देत्याल. तसलं वाचलंस तर तुज्या सुपात एक इडी टाकनार न्हाय. म्या म्हनलं, मग काय करू? तर म्हनली, शेळी हाय न्हवं? शेळी हाय तर दूध हाय, दूध हाय तर चा हाय."

मी खाली बसलो. "आणि 'आधी पैसे'?"

"ते बी तिचंच. तुजा काका यायचा की रोज, फुकट चा पिऊन जायचा. तोंडावर म्हनायची सोय नव्हती तिची. म्हनून म्या वाचलं."

म्हणजे गल्ल्यामागची पाटी थोर साहित्यातली नाही. आईनं नळावर सौदा करून ती पुस्तकात घुसवली आणि पुढं स्वतःच त्या पुस्तकाचं ऐकून विड्या सोडून उठली. मावशीनं चहा आणला, कप माझ्या हातात देताना मागे ओढला आणि म्हणाली, "आधी पैसे." मग स्वतःच खोकेपर्यंत हसली.

तिला मी सोडलं. पण राग कुठेतरी जायला हवा ना. मी ती कादंबरी विकत घेतली आणि मालाची गाठ सोडून तपासतात तशी तपासली. शेळी पहिल्या पानापासून आहे. घरामागच्या परड्यात बांधलेली आहे, तिचं बें बें करणं आहे, तिच्या दुधाचा वास आहे. दीर घर घेतो आणि तिथून शेळी गायब. विकली नाही, मेली नाही, कुणी नेली नाही. लेखक तिला चक्क विसरला. मावशीला विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं दुष्काळात मानसं गाव सोडून गेली, तरी शेळ्या संगट नेल्या. शेळी इसरून कोन जातं? लिवनारा इसरला, हे म्या अन् तुज्या आईनं तवाच वळखलं हुतं."

मंडळात हे मांडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती शोकांतिका आहे. तिचा मृत्यू अपरिहार्य आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. अपरिहार्य! दारात दुभतं जनावर असताना बाईनं पहिल्याच भावाला माल सोडून द्यायचा, आणि तुम्ही माना हलवायच्या?

लेखक आता नाही, आईही नाही. मान हलवणारे मात्र सगळे आहेत. येत्या रविवारी मी पहिल्या रांगेत येऊन बसणार आहे आणि उत्तर मिळेपर्यंत चर्चा पुढे सरकू देणार नाही. बाई विहिरीकडे निघाली तेव्हा शेळी कुठे होती? अध्यक्षबाईंनी सांगावं. नाही तर माझ्या आईचा शेवट खरा, असं त्यांनी त्याच हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणावं.