पाहुण्यांपुरती ज्योत

वागियेमला नाही म्हणणं कधी जमलं नाही. बाकी सगळं जमायचं. पूर्व जावातल्या केदुंगलारान वाडीत तीस वर्षं ती टेम्पे करून विकत आली होती. सोयाबीन उकडायचं, भिजत घालायचं, तुडवून सालं काढायची, पुन्हा उकडायचं आणि केळीच्या पानांत बांधून आंबायला ठेवायचं. नवरा लवकर गेला. या टेम्प्यावरच तिने दोन मुली वाढवल्या आणि उजवल्या. सगळी वाडी तिला यू म्हणायची, म्हणजे ताई. तिच्याहून थोरली माणसंही यूच म्हणायची, कारण कामं ताईलाच सांगता येतात.

घरच्या कचऱ्यापासून गॅस करायची योजना जिल्ह्यातून आली, तेव्हा टाकी कोणाच्या परसात बसवायची यावर सभा भरली. सभेत कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी गोड चहा प्याला आणि वागियेमकडे पाहिलं. "यू, तुझ्याकडे जागा आहे," गावप्रमुख पाक हर्तोयो म्हणाले. पाक म्हणजे बाबा, मोठ्या माणसाला मानाने म्हणायचं. जागा होती, पण तिथे तिची पपई होती. पपई तोडली.

पहिले तीन महिने गॅस खरंच आला, हे कबूल केलं पाहिजे. वागियेम शेगडीपुढे बसून ती निळी ज्योत नुसती बघत राहायची. देठं, सालं आणि खरकटं खाऊन कोणी इतकं स्वच्छ जळू शकतं, याचं तिला फार अप्रूप वाटायचं. शिकवायला आलेल्या मुलीने बजावलं होतं की रोज एकच बादली घाला, बारीक चिरून घाला आणि आंबट काही घालू नका. ती मुलगी शहरात परत गेली आणि शेजार मात्र इथेच राहिला. शेजारीण सुपार्ती सडक्या फणसाची पाटी घेऊन आली. "यू, तुझ्या या नव्या लेकीला, टाकीला, खाऊ आणलाय गं!" आता एवढ्या प्रेमाने आणलेलं परत कसं पाठवायचं? मग लग्नघरचं उरलेलं तिखट कालवण आलं, नारळाचा चोथा आला, एका बाईने तर बाळाचे वापरलेले डायपर आणले. सोयाबीनचं आंबट पाणी वागियेमने स्वतःच ओतलं, गटारात टाकायला जीव होईना म्हणून. टाकीचं पोट बिघडलं ते बिघडलंच. रमजानचा उपवासाचा महिना सरला तशी ज्योत विझली आणि नुसती घाण सुटायला लागली.

नेमकी तेव्हाच जिल्ह्याची माणसं पाहणीला निघाली.

"पाक, टाकी मेलीय," वागियेमने हर्तोयोंना सांगितलं.

"मेली म्हणजे? पाहुणे उद्या येतायत!"

"मग त्यांना सांगू या ना, मेली म्हणून."

"अगं यू, एवढ्या लांबून येणार माणसं. त्यांना तोंडघशी पाडायचं? कसं दिसेल ते?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्याकडे खरबूज आहे ना?"

खरबूज म्हणजे सवलतीचा हिरवा, गोल सिलिंडर. प्रत्येक घरात एक असतोच. तो भिंतीमागे केळीच्या पानांखाली दडवला आणि नळी टाकीच्या नळीत अशी बेमालूम बसवली की टाकीलाही खरं वाटावं. साहेबांनी निळी ज्योत पाहिली, तळलेला टेम्पे खाल्ला आणि म्हणाले, "कचऱ्याच्या गॅसची चवच न्यारी!" वागियेम खाली मान घालून म्हणाली, "होय, पाक." भीड माणसाकडून काय काय वदवून घेते!

वाडीच्या तोंडाशी पाटी लागली: गॅसमध्ये स्वावलंबी वाडी. दोन महिन्यांत दुकानातल्या खरबुजांच्या यादीतून वाडीचं नाव गेलं. "तुमचा तर घरचा गॅस आहे की," दुकानदार म्हणाला. शेजारच्या गावात गेलं तर तिथला दुकानदार ओळखपत्रावरचा पत्ता वाचून हसायचा.

वागियेमला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तिथे तशी रीत नाही. बायका दारातूनच हसून म्हणायच्या, "आज नको यू, कालचाच टेम्पे उरलाय." रोज कालचाच कसा उरेल? कोणी झिंज्या धरून भांडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. घरोघर चुली पेटल्या. लाकूड पुरेना, तशी प्लॅस्टिकची पुडकी चुलीत जाऊ लागली आणि सगळी वाडी खोकू लागली. वागियेमचं सोयाबीन दुपार झाली तरी टणक राहायचं, टेम्पे काळा पडायचा.

पुढे निरोप आला की दुसऱ्या जिल्ह्यातले पाहुणे ही आदर्श वाडी बघायला येणार आहेत, आणि आपले साहेब त्यांना घेऊन येतील. वागियेम सुपार्तीकडे गेली.

"मी खरं सांगून टाकणार. यादीत आपलं नाव परत यायला पाहिजे."

"सांग गं यू, सांगच! कोणीतरी बोललंच पाहिजे. आम्ही आहोत ना तुझ्या मागे."

हर्तोयोंनी सकाळीच स्वतःच्या घरचं खरबूज आणून ठेवलं होतं. त्यांच्याकडे ते कुठून आलं, हे विचारायची सोय नव्हती. वागियेमने नळी जोडलीच नाही. पाहुणे गोल उभे राहिले, मागे सगळी वाडी उभी राहिली. तिने शेगडीची कळ फिरवली, काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली.

"पेटणार नाही, पाक," ती साहेबांना म्हणाली. "टाकी केव्हाच मेलीय. मागच्या वेळी तुम्ही पाहिलात तो सिलिंडर होता. आमचा सिलिंडर आम्हाला परत द्या."

साहेब पाहुण्यांकडे वळले. मग मोठ्याने हसले. "बघा, आमच्याकडच्या बायका किती मिश्किल! पाहुण्यांचीसुद्धा फिरकी घेतात." साहेब हसले म्हणून पाहुणे हसले. पाहुणे हसले तसं वागियेमच्या पाठीमागेही हसू फुटलं. त्यात सुपार्तीचं किनरं हसू तिने ओळखलं. "आज जरा दाब कमी आहे," हर्तोयो म्हणाले. विझलेल्या शेगडीपाशी सगळ्यांचे फोटो निघाले, मधोमध वागियेमला उभं करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपार्ती पोतं घेऊन दारात आली. पाहुण्यांच्या फराळाची खोकी आणि पाण्याचे प्लॅस्टिकचे पेले तिने गोळा केले होते.

"घे यू. पेले छान पेटतात."

"तू हसलीस," वागियेम म्हणाली.

"अगं, पाहुणे हसत होते! आपणच तोंड पाडून उभ्या राहिलो असतो, तर कसं दिसलं असतं?"

वागियेमला ते पोतं तिच्या अंगावर फेकायचं होतं. तिने ते घेतलं, चुलीशी नेलं आणि पेले एकेक करून आत सारले. काळा धूर कोंडला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सोयाबीन मात्र त्या दिवशी वेळेवर शिजलं.