रत्नागिरी लागलं

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला कौलारू बैठ्या चाळीत राहायचो. मी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करत होते, वर्गात एकटीच मुलगी. एका डिसेंबरात गावाहून मामाचं पत्र आलं. त्याच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालं होतं आणि ते शनिवारी संध्याकाळी सहाला रत्नागिरी केंद्रावरून लागणार होतं.

आईने पत्र दोनदा वाचलं. "आपल्या रेडिओवर रत्नागिरी लागतं का गं?"

लागत नव्हतं. आमच्या जुन्या लाकडी रेडिओवर त्या जागी नुसती खरखर यायची. बाहेर उंचावर लांब तार ताणली तर लागेल, असं मी बोलून गेले. आता करून दाखवणं आलं.

शुक्रवारी मी तांब्याची तार आणि दोन बांबू आणले. एक बांबू आमच्या छपरावर बांधायचा, दुसरा चाळीच्या टोकाला राहणाऱ्या काकांच्या. काका गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांना विजेची धास्ती.

"तारेवर वीज पडली म्हणजे?"

"काका, डिसेंबरात वीज कुठली? पावसाळ्याआधी काढून ठेवते ना."

"लिहून दे."

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

बाबा शिडीवर चढले, एक पाय कौलावर टाकला आणि कौल मोडलं. ते तसेच खाली उतरले. आईने पदर खोचला.

"सरका. माहेरी दरवर्षी कौलं मीच परतायची."

ती वर गेली. आधी तळव्याने कौलांखालची लाकडी रीप चाचपायची, मग भार टाकायची. आईला मी छपरावर कधी पाहिलं नव्हतं. चाळीतली माणसं बाहेर येऊन बघत होती आणि ती वरून मलाच दटावत होती, "तार ढिली आहे, ताण की." दोन्ही बांबू तिनेच बांधले. मोडलेलं कौलही बदलून आली.

शनिवारी पावणेसहाला मी रेडिओ लावला. खरखर उलट वाढली. बाबांनी घड्याळाकडे बघितलं. मग लक्षात आलं, मी अर्थिंगची, म्हणजे रेडिओपासून जमिनीत जाणारी तार जोडलीच नव्हती. धावत मोरीत गेले, नळाचा पाइप घासला आणि त्याला तार गुंडाळली. काटा हळूहळू सरकवला, आणि खरखरीतून एका बाईचा स्वच्छ आवाज आला. ती आमच्याच गावाचं नाव घेत होती. आईने माझा दंड घट्ट धरला.

भजन सुरू झालं. दाराशी उभ्या काकांनी विचारलं, "यातला तुमचा भाऊ कोणता?"

"तो गात नाही," आई म्हणाली. "झांज वाजवतो."

मग आम्ही सगळे फक्त झांज ऐकू लागलो.

"जरा मागे पडतेय," काका हळूच म्हणाले.

"लहानपणापासून," असं म्हणून आई डोळे पुसत हसायला लागली.

पुढच्या आठवड्यात कोकणातल्याच दोन घरांनी विचारलं, आमच्याकडे लावाल का. त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी चाळीत आणखी चार एरियल लावल्या. ती छपरावर, मी खाली तार धरून. चौथ्या वेळी तिने मला वर बोलावलं आणि पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं.