काचेच्या कपाटातला ताईचा कॉम्प्युटर

...तर काल तुम्ही घाईने उठून गेलात, तिथून पुढे ऐका. पिवळं पडलेलं प्लास्टिक असतं ना, त्याला केसांचा रंग उडवायचं औषध माखायचं, पारदर्शक कागदात गुंडाळायचं आणि उन्हात ठेवून द्यायचं. चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर दोन दिवसांत असा पांढरा निघतो, की कालच खोक्यातून काढलाय! हे माझ्या भाच्याचं काम. मी चौथी शिकलेला माणूस, मला त्यातलं काय कळणार? पण त्याच्या दुकानातल्या स्टुलावर वीस वर्षं बसतोय, चहा त्याचा.

टीव्हीला जोडायचे, कॅसेटवर चालायचे, तसले जुने घरगुती कॉम्प्युटर. लोक माळ्यावरून काढून आणतात, हा जिवंत करतो. वर कॅसेटऐवजी नखाएवढं मेमरी कार्डही बसवून देतो. मी म्हणायचो, "अरे, माझे गुडघेही बघ की जरा." तो म्हणायचा, "मामा, तुमचे पार्ट मिळत नाहीत."

पण पार्ट त्या कॉम्प्युटरांचेही मिळत नव्हते. पडद्यावर चित्र उमटवणारी चिप तर आता कुठे बनतच नाही. एक जगवायचा तर दुसरा मारावा लागतो.

दुकानात काचेच्या कपाटात एक कॉम्प्युटर होता, सगळ्यांत देखणा. माझ्या भाचीचा, म्हणजे याच्या थोरल्या बहिणीचा. ती शाळेत पहिली आली म्हणून वडिलांनी आणलेला. याला त्यावर पहिली कळ दाबायला शिकवली तीही तिनेच. नोकरीला दूर गेली तेव्हा म्हणाली, "छोट्या, सांभाळ हं." पुढे दर फोनला विचारायची, "माझा कसा आहे?"

"जसाच्या तसा, ताई."

गेल्या महिन्यात त्यांचे वडील गेले. भाची आली, तेव्हा पर्समध्ये एक कॅसेट होती. चौदाव्या वर्षी तिने एक खेळ लिहिला होता. कॉम्प्युटर पाढे विचारायचा आणि उत्तर चुकलं की इंग्रजी अक्षरांत दाखवायचा, 'चुकलात, बाबा!' वडील मुद्दाम चुकायचे.

"तेवढं एकदा बघायचंय," ती म्हणाली. "लाव."

"फ्यूज गेलाय गं."

"मग बदलते. तुला फ्यूज बदलायला शिकवलं कोणी?"

तिने त्याच्याच खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. चार स्क्रू काढून झाकण उचललं. आत दात काढलेल्या हिरड्यांसारख्या नुसत्या रिकाम्या खाचा. एक चिप शिल्लक नव्हती.

"कुठे गेल्या?"

"सहा गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर चालू झाले त्यांच्यावर. घेऊन गेले ते."

"चित्राची चिप?"

"ती... गेल्याच महिन्यात."

"या जातीचा दुसरा आहे का दुकानात?"

"एकही नाही."

ती माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

मी कप तोंडाला लावला. रिकामाच होता.

तिने झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट पिळले, कॅसेट पर्समध्ये टाकली. दारात थांबून म्हणाली, "मला एकदा विचारायचंस तरी."

भाचा बाहीने ते पांढरंशुभ्र झाकण पुसत होता. मान वर न करता म्हणाला,

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."