आत्याच्या लग्नाच्या रोलवरची रेघ

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देणं हा माझ्या ताईचा धंदा आणि दुसऱ्याच्या चुका काढणं हा तिचा स्वभाव. दोन्हींचं छान जमायचं. फोटोवर पांढरा ठिपका दिसला की धूळ, फिकट गोल दिसला की पाण्याचा डाग, असं गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत सांगून ती मोकळी व्हायची. घरात आम्ही तिला तपासनीस म्हणायचो. अर्थात तिच्या पाठीमागे.

बाबा हौशी फोटोग्राफर. पूर्वी ते न्हाणीघरातच रोल धुवायचे आणि ओला रोल दोन बोटांच्या चिमटीतून ओढून पाणी निपटायचे. ताई तेव्हापासून त्यावर करवादायची. त्यामुळे आत्याच्या लग्नाचा, बाबांनीच काढून धुतलेला रोल स्कॅन केल्यावर प्रत्येक फोटोत आडवी काळी रेघ निघाली, तेव्हा तिला दोषी शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

"बाबा, हा तुमच्या बोटांचा प्रताप," ती आत्यासमोरच म्हणाली. "सांगून सांगून माझं तोंड दुखलं. चिमटीत कचरा अडकला आणि अख्खा रोल ओरबाडला."

आत्या "असू दे गं" म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. तिच्या वडिलांबरोबरचा तिचा तेवढाच फोटो होता आणि रेघ नेमकी त्यांच्या डोळ्यांवरून गेली होती.

"माझ्या हातून वाटोळं झालं बघ," बाबा बहिणीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं भिंग ताईच्या टेबलावर आणून ठेवलं. "तुझ्या उपयोगी पडेल." ताईने ते खणात टाकलं. मला तिचा संताप आला होता, पण तिच्या तोंडाला कोण लागणार!

मग एका शिक्षिकाबाईंचा रोल आला. चांगल्या स्टुडिओत धुतलेला. त्याच्यावरही तीच रेघ, तिथेच. ताईने निगेटिव्हची पट्टी फिरवून उलटी लावली. ओरखडा खरा असता तर पट्टीबरोबर तोही फिरला असता. रेघ जागची हलली नाही. स्कॅनर दर वेळी आधी जिथे आपला उजेड जुळवून घेतो, त्या काचेच्या कडेला धुळीचा कण होता; त्यानेच प्रत्येक फोटोत रेघ उमटत होती. तो पुसला आणि रेघ गेली.

पट्टी फिरवून बघायचं हे काम ती परक्यांच्या रोलवर न चुकता करायची. बाबांच्या रोलवर तिने केलंच नव्हतं. "ते बाबांचं होतं ना रे, म्हणून," ती मला म्हणाली. तिला कधी एवढं ओशाळलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिने आत्याचा रोल पुन्हा स्कॅन केला आणि बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, चूक माझी होती. रोल स्वच्छ आहे. तुम्ही मला चांगलं झापा."

बाबांनी झापलं नाही. "त्या दिवशी मी पट्टी खिडकीशी धरून भिंगातून पाहिली होती," ते म्हणाले. "मला ओरखडा कुठे दिसेचना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं ठासून सांगत होतीस. मला वाटलं, आपली नजर गेली. म्हणून तर भिंग तुला दिलं."

ताई रडायलाच लागली. खणातलं भिंग आणून तिने त्यांच्या हातात कोंबलं. "तुमची नजर चांगली आहे. बघा पुन्हा."

बाबांनी पट्टी उजेडात धरली, भिंग डोळ्याशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी हळूच तिलाच विचारलं, "नाहीये ना गं ओरखडा?"